तिसऱ्या अंकात अडकलेली उमा

निरोपाच्या केकवर 'नव्या प्रवासाला शुभेच्छा' असं लिहिलेलं दिसलं की मला सर आठवतात. अमेरिकेच्या या टोकाला, बॉथेलला आल्यापासून असे केक मी बरेच खाल्ले. इकडे ऑफिसात अधूनमधून कुणाची तरी टीम बंद होते. मग मॅनेजर हसऱ्या तोंडानं येतो, केक कापतो आणि सांगतो की खरा प्रवास तर आता सुरू होतोय. सगळे टाळ्या वाजवतात. मी मनात म्हणते, म्हणजे कॅन्सल.

हे 'म्हणजे कॅन्सल' माझं नाही, सरांचं आहे. सर ठणठणीत आहेत, कॅरीतच आहेत. आठवण काढायला माणूस जावाच लागतो असं नाही, आपण गेलो तरी चालतं. आम्हीही तिकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला होतो तेव्हा तिथल्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग सर घ्यायचे आणि मी शाळेची को-ऑर्डिनेटर होते. को-ऑर्डिनेटर म्हणजे कम्युनिटी सेंटरच्या खोलीची किल्ली आणणारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारी. मी नागपूरची असल्यामुळे मला बोलणी परत करायचीही सवय होती. त्याच क्वालिफिकेशनवर माझी निवड झाली असावी.

सर एका औषध कंपनीत स्टॅटिस्टिशियन होते. नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालते. ती मधेच थांबवायची की पुढे न्यायची हे आकडे बघून सांगणं, हे त्यांचं काम. "माझ्या रिपोर्टाच्या शेवटी दोनच गोष्टी असू शकतात," ते म्हणायचे. "थांबवा, नाहीतर चालू ठेवा. बाकीची सगळी पानं लोकांनी रागावू नये म्हणून असतात." सगळी नोकरी 'थांबवा' ऐकायची इच्छा नसलेल्या लोकांसमोर काढल्यामुळे चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. वाढदिवसाच्या फोटोतसुद्धा ते वाईट बातमी द्यायला आल्यासारखे दिसायचे. वाढदिवस त्यांचाच असायचा.

असा माणूस जपानी चित्रकथांच्या, म्हणजे मांगाच्या नादी कसा लागला, तर त्याला कारण त्यांची एक वाईट सवय. सर काहीही मागून वाचायचे. पेपर मागून, मेन्यूकार्ड मागून, लग्नाची पत्रिका मागून. जेवणाची वेळ खाली असते, वरचे गणपतीबाप्पा मला पाठ आहेत, असं त्यांचं म्हणणं. एकदा कॅरीच्या लायब्ररीत दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ते टीनएजर्सच्या कोपऱ्यात जाऊन बसले, हाताला लागलं ते पुस्तक सवयीनं मागून उघडलं, आणि ते बरोबर निघालं. जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे जातात. साठीच्या घरात आल्यावर या माणसाला पहिल्यांदा असं पुस्तक भेटलं की ज्याला त्यांचं म्हणणं मान्य होतं.

त्या पुस्तकात एका नावाडी बाईची गोष्ट होती. नदीच्या पलीकडे गेलेलं कुणी परत आलेलं नाही, आणि बाईला पलीकडे जायचंय. मूळ कादंबरी भली मोठी, जपानीत तिचे खंडामागून खंड निघालेले. तिच्यावरची चित्रकथा मात्र तिसऱ्या भागात संपली. शेवटच्या पानावर नाव किनाऱ्यावरून सुटते, बाईचे केस वाऱ्यावर उडतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'खरा प्रवास तर आता सुरू होतो.' सरांनी काउंटरवर जाऊन चौथा भाग मागितला. लायब्ररीतल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की चौथा भाग नाही आणि येणारही नाही, ते कॅन्सल झालंय.

सर घरी आले आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले, "त्या बाईला नदीत मधोमध सोडून दिलंय."

काकू म्हणाल्या, "कुठल्या बाईला? बूट काढा आधी."

त्या दिवसापासून सर फक्त अशाच चित्रकथा वाचायला लागले. कादंबरीवरून काढलेल्या आणि मधेच बंद पडलेल्या. लायब्ररीत गेले की विचारायचे, पूर्ण झालेली आहे की थांबवलेली? पूर्ण झालेली असली तर परत करायचे. घरी त्यांनी एक कप्पाच केला होता, त्याला ते 'अकाली गेलेले' म्हणायचे. सर्वपित्रीला काकूंनी सगळ्यांचं पान वाढलं आणि त्या कप्प्याकडे बघून विचारलं, "यांचंही एक ठेवू का?" सरांनी थोडा विचार करून सांगितलं की जपानी लोकांना खीर चालेल, वडे चालतील की नाही सांगता येत नाही.

या चित्रकथा का बंद पडतात यावर ते कुणालाही, कुठेही धरून बोलायचे. समोरचा माणूस पार्किंग लॉटमध्ये किल्ली हातात घेऊन उभा आहे, गाडीत आइस्क्रीम वितळतंय, याची त्यांना फिकीर नसे. "लोकांना वाटतं वाईट असते म्हणून बंद पडते. तसं नसतं," ते सुरू करायचे. कादंबरीवरची चित्रकथा म्हणजे दुकानाची दर्शनी काच. लोकांनी काचेतून बघावं, आत यावं आणि कादंबरी घ्यावी, एवढ्यासाठी ती काढलेली. आत गर्दी झाली की काचेची गरज संपते, आणि नाही झाली तर काच परवडत नाही. त्यात लिहिणारा एक आणि काढणारा दुसरा. मनगट दुखतं काढणाऱ्याचं, नाव होतं लिहिणाऱ्याचं. आणि सगळ्यांत घातकी म्हणजे शहाणा वाचक. तो म्हणतो, पूर्ण होऊ दे, मग सगळे भाग एकदम घेऊ. म्हणून पहिला भाग खपत नाही. पहिला खपत नाही म्हणून पाचवा निघत नाही. शहाणा माणूस शेवटाची वाट बघत बसतो आणि त्याच्या वाट बघण्यामुळेच शेवट येत नाही.

"पण ही झाली बाहेरची कारणं," सर म्हणायचे, आणि तोवर आइस्क्रीमचं दूध झालेलं असायचं. "आतलं कारण वेगळं आहे. काढणाऱ्याचं सुरुवातीवर प्रेम बसतं. कादंबरीची पहिली पन्नास पानं तो जीव ओतून काढतो. घर काढतो, घरातली भांडी काढतो, भांड्यांना पडलेले पोचे काढतो. तीन भाग होतात आणि नायिका अजून दारातच. मग वरून निरोप येतो, आटपा. मग काय, केस वाऱ्यावर."

शिकवायची पद्धतही अशीच जगावेगळी. कॅरीत एप्रिलमध्ये पाइनचा पिवळा पराग एवढा पडतो की सगळ्या गाड्या एका रंगाच्या दिसतात. सर पोरांना घेऊन पार्किंग लॉटमध्ये जायचे आणि गाड्यांच्या बॉनेटवर बोटानं अक्षरं गिरवून घ्यायचे. कारच्या काचेवर ळ, डिकीवर क्ष. शाळा चालवणाऱ्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची काळी गाडी नवी होती. तिच्यावर कुणीतरी ज्ञ जरा मनापासून काढला. घासल्यावर पराग गेला, ओरखडे राहिले, आणि अध्यक्ष बरेच दिवस ज्ञ घेऊन ऑफिसला जात होते. माझी मुलगी ईरा तेव्हा तेरा वर्षांची होती. ती घरी येऊन म्हणाली, "मॉम, सर इज सो वीअर्ड." मी म्हटलं, मराठीत सांग. तिनं विचार केला आणि म्हणाली, "सर खूप वीअर्ड आहेत. आय लाइक हिम."

आता काकूंचं सांगायला हवं, कारण खरं प्रकरण त्यांचंच आहे.

काकूंनी एक कादंबरी लिहिली होती. साडेपाचशे पानांची, पुण्यात छापलेली. एका गावात तीन बहिणी, वडिलांचा गोटी सोड्याचा कारखाना. एक दिवस वडील न सांगता निघून जातात आणि मधली बहीण, उमा, त्यांना शोधायला निघते. कादंबरी छापून आली त्याच महिन्यात सरांची बदली म्हणून दोघं अमेरिकेत आले. त्यामुळे तिकडे कादंबरीचं काय झालं हे काकूंना कळलं नाही, आणि इकडे काय झालं ते कळण्यासारखंच होतं. एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून सगळ्यांना एकेक प्रत दिली होती. बायकांनी वजन बघून कौतुक केलं. नंतर मी कुणाच्या घरी गेले की ती प्रत मला दिसायची, कुंडीखाली, नाहीतर खिडकी बंद होऊ नये म्हणून फटीत. आमच्या घरी ती नवऱ्याच्या मॉनिटरखाली होती, उंची अगदी बरोबर जमली होती. काकूंनी कुणाला कधी टोकलं नाही. फक्त एकदा माझ्यासोबत पोळ्या लाटताना म्हणाल्या, "वाईट आहे म्हणावं, पण शेवटपर्यंत वाचून म्हणावं. एका माणसानं तरी. तेवढी एकच इच्छा राहिलीय बघ." हे त्या फारसं मनावर न घेता बोलल्या आणि पोळी तव्यावर टाकली. मला मात्र ते लागलं.

तर झालं असं की सरांच्या वर्गातली मुलं कमी व्हायला लागली. रविवारी सकाळी कुणाचं टेनिस, कुणाचं कोडिंग. मी आयांना फोन करायची. त्या म्हणायच्या, "अगं, वर्ग नीट सुरू होऊ दे, मग पाठवतो." मी हे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "हेच ते. पूर्ण झाल्यावर घेऊ म्हणणारे." जी मुलं उरली होती ती बाकाखाली मांगा वाचायची. दुसऱ्या कुणी पुस्तकं जप्त केली असती. सरांनी प्रत्येकाला विचारलं, पूर्ण झालेली की थांबवलेली? मुलं त्या दिवसापासून त्यांची झाली.

आणि मग मंडळाच्या मीटिंगमध्ये सरांनी उभं राहून जाहीर केलं की मोठ्या मुलांचा वर्ग आता मराठीत स्वतःचं मांगा काढेल. चित्रं मुलं काढतील, फुग्यांमधली वाक्यं मुलं लिहितील, दर महिन्याला एक अंक झेरॉक्स करून वाटायचा. अध्यक्षांनी विचारलं, गोष्ट कुठली? सर म्हणाले, "आमच्या हिची कादंबरी."

काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनाही हे तिथेच कळलं. त्यांनी पदर नीट केला, पर्स मांडीवरून खाली ठेवली, परत मांडीवर घेतली. "बघा काय ते," एवढंच म्हणाल्या. पण पुढच्या रविवारपासून त्या वर्गात यायला लागल्या. मागच्या खुर्चीवर क्रोशाचं काम घेऊन बसायच्या, डब्यात चिवडा असायचा, आणि पोरं काय काढतात ते चष्म्यावरून बघायच्या. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांची उमा हातात घेतली होती. मला त्या मीटिंगपासून सरांबद्दल एकदम आदर वाटायला लागला होता, तो किती दिवस टिकला ते पुढे येईलच.

सर पट्टीनं चौकटी आखायचे. बाटल्या तेच काढायचे, कारण बाटलीला भूमिती असते. माणसं ईरा काढायची, कारण सरांनी काढलेली माणसं बाटल्यांसारखीच दिसायची. ईराच्या उमाला वाटीएवढे डोळे आणि कमरेपर्यंत केस. काकूंनी चित्र हातात घेऊन नीट बघितलं आणि म्हणाल्या, "एवढे डोळे असते तर हिच्या नजरेसमोरून बाप गेलाच नसता." पण चित्र त्यांनी पर्समध्ये ठेवून घेतलं.

पहिला अख्खा अंक सोडा भरण्यात गेला. बाटली धुणं, गोटी टाकणं, मशीनचा दांडा फिरवणं, गॅस भरणं. दुसऱ्या अंकात कारखान्याचं घर, माजघर, फळीवरची भांडी, आणि हो, भांड्यांचे पोचे. शेवटच्या पानावर वडिलांच्या चपला जागेवर नाहीत. तिसरा अंक सुरू झाला तरी उमा पिशवी भरत होती. मुलं दर रविवारी विचारायची, व्हेन डज शी लीव्ह? मी एकदा सरांना बाजूला घेतलं.

"सर, तुमचीच थिअरी आहे ही."

"कुठली?"

"सुरुवातीवर प्रेम. भांडी. पोचे."

"हे प्रेम नाही," सर म्हणाले. "ही पायाभरणी आहे." आणि पट्टी घेऊन पुढची बाटली काढायला बसले. हा माणूस मुद्दाम वेळ काढतोय असं मला वाटून गेलं, पण का, ते काही लक्षात येईना.

सप्टेंबरात अध्यक्षांनी मला आणि सरांना बोलावलं. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, पण मॅनेजर होता. "सर, नो ऑफेन्स," ते म्हणाले, "पण चार मुलांसाठी रूम ब्लॉक ठेवणं, इट्स अ बँडविड्थ इश्यू. पेरेंट्सचा फीडबॅकही आहे की मराठी शिकवा, सोडा काय शिकवता. आपण महिनाअखेरीस वर्ग पॉज करू. तुमचं ते मांगा आहे ना, ते तेवढ्यात रॅप अप करा. मुलांना एक छान क्लोजर द्या. आणि पुढच्या वर्षी बघू, कदाचित नवीन रूपात. इट्स अ न्यू जर्नी."

सर म्हणाले, "म्हणजे कॅन्सल."

"नाही नाही, पॉज."

"मी तीस वर्षं लोकांच्या चाचण्या थांबवल्या," सर म्हणाले. "मी त्याला पॉज कधी म्हटलं नाही." आणि चहा न घेता उठले. मी राहिले, कारण खोलीची किल्ली द्यायची होती.

शेवटच्या रविवारी वर्गात चार मुलं होती, मी होते, मागे काकू होत्या. तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान टेबलावर. एसटी स्टँड, बस सुटलेली, खिडकीत उमा, आणि ईरानं कुणी न सांगता तिचे केस खिडकीबाहेर वाऱ्यावर सोडलेले. खाली एक लांबट चौकट रिकामी होती. तिथे काय लिहायचं असतं हे सगळ्या पोरांना सरांनीच शिकवलेलं. ती गालातल्या गालात हसत वाट बघत होती. सरांनी पेनचं टोपण काढलं आणि तसेच उभे राहिले.

"नाही लिहिणार मी हे," ते शेवटी म्हणाले.

ईरा म्हणाली, "ओके. मग तुम्हीच सांगा ना, सर. व्हॉट हॅपन्स? डज शी फाइंड हर डॅड?"

एरवी पार्किंग लॉटमध्ये माणसाला तासभर धरून ठेवणारे सर टेबलावरच्या पानाकडे बघत राहिले. मला आधी वाटलं, भरून आलंय. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला. त्यांनी क्रोशावरून मान वर केली नव्हती.

"त्यांना नका विचारू. त्यांना माहीत नाही."

"वेट, व्हॉट?" ईरा म्हणाली.

"त्यांनी चाळीसच पानं वाचलीत. येताना विमानात. मी म्हटलं होतं, एवढी तरी मागून वाचू नका, पुढून वाचा. तर चाळिसाव्या पानावर झोप लागली. बोर्डिंग पास अजून तिथेच आहे." मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तितक्या सरळ आवाजात त्या हे बोलल्या. "तिकीट काढेपर्यंतच येतं त्यांना. म्हणून तर बस तीन महिने सुटत नव्हती."

सरांचे कान लाल झाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मी वाचणार होतो," ते म्हणाले. "जरा निवांतपणा मिळाला की सलग."

"हो ना," काकू म्हणाल्या. "पूर्ण निवांतपणा मिळाला की." आणि डबा उघडून पोरांना म्हणाल्या, "घ्या, चिवडा घ्या."

मला काकूंचं फार वाईट वाटलं आणि सरांचा असा संताप आला की काय सांगू. जपानातल्या कुठल्या नावाडी बाईसाठी हळहळणारा हा माणूस, आणि घरातली बाई ह्याच्या डोळ्यांसमोर चाळिसाव्या पानावर बसून आहे, तिची दाद ना फिर्याद. घरी जाताना गाडीत मी बडबडत होते. ईरा म्हणाली, "बट मॉम, तू पण नाही वाचलं ना?" मी तिला सीट बेल्ट लाव म्हटलं. तिनं लावलेलाच होता.

घरी गेल्यावर तिनं बाबाच्या मॉनिटरखालून कादंबरी ओढून काढली. नवऱ्याची मीटिंग चालू होती, त्याच्या ऑफिसला एकदम त्याची हनुवटी आणि छताचा पंखा दिसायला लागला. ईराला एक पान वाचायला अर्धा तास लागायचा आणि अर्धे शब्द अडायचे. म्हणून ती रविवारी सकाळी काकूंकडेच जायला लागली. वर्ग बंद झाला होता, पण सवय तीच राहिली. तिच्यामागून बाकीची तिघंही जायला लागली. कारण चिवडाही असू शकेल, मी खोलात गेले नाही.

तिला सोडायला जायची तेव्हा मला दर वेळी एक दृश्य दिसायचं. गॅरेजचं दार उघडं, आत गाडी बंद, आणि गाडीत ड्रायव्हरच्या जागी सर. बेल्ट लावलेला. स्टीअरिंगवर पुस्तक. पहिल्यांदा मला वाटलं कुठे निघालेत. मी काकूंना विचारलं.

"कुठे नाही. वाचतायत," काकू म्हणाल्या. "घरात वाचलं तर मी तोंडाकडे बघते म्हणे."

"बघता का?"

"बघते ना. एवढ्या वर्षांनी कुणी वाचतंय, बघू नको?"

सर हळू वाचत होते. आकड्यांचा माणूस, ओळ सोडायची सवय नाही. एकदा मी काचेवर टकटक करून विचारलं, सर, कशी आहे? त्यांनी काच खाली केली, म्हणाले, "इतक्यात सांगता येणार नाही, चाचणी चालू आहे," आणि काच वर केली. पण खालचा ओठ दाताखाली धरलेला होता. बोर्डिंग पास पुढे पुढे सरकत होता, तेवढं मला बाहेरून दिसायचं.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी काकूंनी चकल्यांना बोलावलं. घरात तळण केलं तर वास महिनाभर पडद्यांना राहतो आणि स्मोक अलार्म ओरडतो, म्हणून आपल्याकडचे सगळे तिकडे गॅरेजमध्ये तळतात. गाडी बाहेर ड्राइव्हवेवर काढलेली, आत टेबल, पोर्टेबल शेगडी, कढई. काकू तळत होत्या, मी सोऱ्या फिरवत होते, ईरा चकल्या मोडत होती आणि मोडलेल्या खात होती. समोर ड्राइव्हवेवर गाडी आमच्याकडे तोंड करून उभी, आणि काचेमागे सर. काकू घाणा सोडायच्या, वर बघायच्या. घाणा काढायच्या, वर बघायच्या. मला कळलं की शेवटची पानं आहेत.

गाडीचं दार उघडलं. सरांनी बेल्ट सोडला, उतरले, दार नीट लावलं आणि पुस्तक हातात घेऊन गॅरेजमध्ये आले. चेहरा नेहमीचाच, वाईट बातमी द्यायचा. मी सोऱ्या खाली ठेवला. मनात म्हटलं, देवा, आता हा माणूस काहीतरी बोलणार.

"शेवट घाईत उरकलास," सर म्हणाले.

काकूंच्या हातातला झारा थांबला. मला वाटलं झालं, दिवाळीचा विचका. पण काकू हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आलं का लक्षात," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत कुणी म्हटलं नाही."

"उमा कारवारला पोचते, ते घर सापडतं, ती दार वाजवते, आणि संपलं. दार वाजवून कुणी कादंबरी संपवतं का?"

"प्रकाशक म्हणाले, पानं फार झाली, इथे थांबा. उरलेलं दुसऱ्या भागात घेऊ, पहिला खपला की." काकूंनी पदरानं डोळे पुसले. "मी भांडले असते. पण तुम्ही व्हिसाच्या रांगेत, मला बॅगा भरायच्या होत्या. प्रुफं आली त्या दिवशी मी कुकर बबल रॅपमध्ये गुंडाळत होते. म्हटलं, छापा. तिकडे गेल्यावर लिहीन निवांत."

ती बदली सरांची होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी काढलं नाही. त्यांनी पुस्तक टेबलावर पिठाशेजारी ठेवलं. बोर्डिंग पास आता शेवटच्या पानात होता.

"दार कोण उघडतं?" त्यांनी विचारलं.

हे विचारताना त्यांचा आवाज बदलला होता. लायब्ररीच्या काउंटरवर चौथा भाग मागताना असाच बदलला असेल.

"मोठी गोष्ट आहे ती," काकू म्हणाल्या. "आता कुठे. घाणा व्हायचाय."

"लिहिलीयस का कुठे?"

"नाही. पण विसरले नाहीये."

ईरा चकली खायची थांबली होती. "आजी, प्लीज," ती म्हणाली. काकूंनी कढईकडे बघितलं, मग सरांकडे.

"दार उघडतं ते वडील नसतातच," त्या म्हणाल्या. "एक बाई असते. हातात सोड्याची बाटली. तिच्या मागे एक लहान मुलगी, आणि त्या मुलीचं नाव..." तेल फार तापून धूर यायला लागला तशा त्या थांबल्या आणि झारा उचलायला वळल्या.

सरांनी फोल्डिंगची खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले.

"चकल्या थांबव," ते म्हणाले. "हे चालू ठेव."

ईरानं उठून शेगडी बंद केली.